कृष्णवर्णीय किशोरांमधील वर्णद्वेषाचे आंतरिकीकरण आणि मानसिक स्वास्थ्य : अमेरिकेच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास (१९४० ते २०२१)

गोषवारा :

वर्णद्वेष हा केवळ कायदा, शाळा व रोजगार यांपुरता मर्यादित नसतो. ज्याच्याविरुद्ध तो वापरला जातो त्याच्या मनातही तो घर करतो. समाजाने दिलेले हीनत्व व्यक्तीने स्वतःच खरे मानावे, या प्रक्रियेस वर्णद्वेषाचे आंतरिकीकरण असे म्हणतात. प्रस्तुत शोधनिबंधात अमेरिकेतील कृष्णवर्णीय किशोरांच्या संदर्भात या संकल्पनेचा १९४० पासूनचा इतिहास अभ्यासला आहे. १९४०-४१ मधील युवक अभ्यासमाला, हार्लेममधील मानसोपचार केंद्रे, क्लार्क दांपत्याची बाहुली-चाचणी, १९५४ चा ब्राउन निकाल, १९६० नंतरची कृष्ण अस्मितेची चळवळ आणि अलीकडील आत्महत्याविषयक अभ्यास यांचा क्रमाने विचार केला आहे. 'दुखावलेले मन' या प्रतिमेने न्यायालयात विजय मिळवून दिला, परंतु त्याच प्रतिमेमुळे दोष संस्थेकडून मुलाच्या मनाकडे सरकला, असे या अभ्यासातून दिसून येते.

बीजसंज्ञा : आंतरिकीकरण, न्यूनगंड, आत्मप्रतिमा, वर्णविभक्त शाळा, बाहुली-चाचणी, कृष्ण अस्मिता.

प्रस्तावना :

किशोरावस्था ही 'मी कोण?' हा प्रश्न प्रथमच जाणीवपूर्वक विचारण्याची अवस्था होय. शरीरात बदल होत असतात, समवयस्कांचे मत महत्त्वाचे वाटू लागते आणि भावी व्यवसायाची स्वप्ने आकार घेतात. अशा वेळी आरसा, शाळा, वर्तमानपत्रातील जाहिरात आणि रस्त्यावरील वागणूक या सर्वांनी एकच उत्तर दिले, की 'तू कमी आहेस', तर त्या मुलाच्या मनाचे काय होते, हा प्रश्न अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंतांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून उपस्थित केला आहे.

१८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेतील गुलामगिरी संपुष्टात आली. परंतु १८९६ च्या प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन या निकालाने 'वेगळे परंतु समान' हे तत्त्व मान्य केले आणि दक्षिणेकडील राज्यांत शाळा, आगगाड्या व सार्वजनिक स्थळे यांतील वर्णविभक्तीस कायद्याचे अधिष्ठान मिळाले. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०३ च्या आपल्या ग्रंथात 'दुहेरी जाणीव' ही कल्पना मांडली. स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या, तेही तिरस्कार करणाऱ्याच्या, नजरेतून पाहावे लागणे हे कृष्णवर्णीय माणसाच्या वाट्याला आलेले विशेष दुःख आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. पुढे मानसशास्त्राने ज्यास आंतरिकीकरण म्हटले, त्याचे बीज या विचारात आढळते.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) कृष्णवर्णीय किशोरांच्या मनावरील वर्णद्वेषाच्या परिणामांविषयीच्या अभ्यासाची ऐतिहासिक वाटचाल तपासणे.
२) या अभ्यासाचा न्यायालयीन व सामाजिक लढ्यात झालेला उपयोग आणि त्याच्या मर्यादा स्पष्ट करणे.
३) किशोरांनी स्वतः या प्रक्रियेस दिलेल्या प्रतिसादाचा शोध घेणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत शोधनिबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे. 'निग्रो' हा शब्द त्या काळातील संस्थांच्या व ग्रंथांच्या नावांत आढळतो. तो आज अवमानकारक मानला जात असल्याने विवेचनात 'कृष्णवर्णीय' हाच शब्द योजला आहे.

१. युवक अभ्यासमाला (१९४०-४१) :

या विषयाची चर्चा बहुधा बाहुली-चाचणीपासून सुरू केली जाते. वास्तविक त्यापूर्वीच कृष्णवर्णीय किशोरांचा विस्तृत अभ्यास झालेला होता. महामंदीच्या काळात तरुणांमधील बेरोजगारीचा प्रश्न तीव्र झाल्याने अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या संस्थेने अमेरिकन यूथ कमिशनची स्थापना केली होती. या आयोगाने कृष्णवर्णीय तरुणांच्या व्यक्तिमत्त्वविकासावर एक स्वतंत्र अभ्यासमाला हाती घेतली. ॲलिसन डेव्हिस व जॉन डोलार्ड यांचा 'चिल्ड्रन ऑफ बाँडेज' आणि ई. फ्रँकलिन फ्रेझियर यांचा 'निग्रो यूथ ॲट द क्रॉसवेज' हे ग्रंथ १९४० मध्ये, तर चार्ल्स एस. जॉन्सन यांचा 'ग्रोइंग अप इन द ब्लॅक बेल्ट' हा ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. डेव्हिस, फ्रेझियर व जॉन्सन हे तिघेही स्वतः कृष्णवर्णीय अभ्यासक होते, ही बाब लक्षणीय आहे.

डेव्हिस व डोलार्ड यांनी न्यू ऑर्लिन्स व नॅचेझ येथील, फ्रेझियर यांनी वॉशिंग्टन व लुईव्हिल या शहरांतील, तर जॉन्सन यांनी दक्षिणेच्या ग्रामीण भागातील किशोरांचा अभ्यास केला. वर्णद्वेषाचा परिणाम सर्व मुलांवर सारखा होत नाही, हा या मालेतील महत्त्वाचा निष्कर्ष होता. कुटुंबाची आर्थिक स्थिती, आईवडिलांची शिकवण, चर्च, शेजार आणि स्वतःच्या त्वचेची छटा यांनुसार तो बदलतो. समाजाअंतर्गत वर्णछटांची उतरंड निर्माण झाली होती. अतिशय काळ्या रंगाशी दुर्गुण जोडले जात आणि मध्यम तपकिरी छटेस पसंती मिळे. म्हणजेच गौरवर्णीयांनी घालून दिलेले माप कृष्णवर्णीय घरांत, वर्गांत व विवाहाच्या निवडीतही वापरले जात होते. मात्र बहुसंख्य मुले या मापाखाली पूर्णतः दबून गेली होती, असे या अभ्यासकांनी म्हटले नाही. वरवर नम्रता दाखवून आत राग जपणारी, गोऱ्यांशी संबंधच टाळणारी, शिक्षणातून मार्ग काढू पाहणारी अशी विविध प्रकारची मुले त्यांना आढळली. पुढील काळात हे वैविध्य काहीसे विस्मृतीत गेले.

२. हार्लेममधील दोन केंद्रे :

१९४० च्या दशकात न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय मुलांना मानसोपचार मिळणे जवळजवळ अशक्य होते. ही उणीव भरून काढण्यासाठी १९४६ मध्ये हार्लेम येथे दोन केंद्रे सुरू झाली. लाफार्ग क्लिनिक हे केंद्र सेंट फिलिप्स चर्चच्या इमारतीच्या तळघरात मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी सुरू केले. कादंबरीकार रिचर्ड राइट यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. उपचारासाठी २५ सेंट इतके नाममात्र शुल्क घेतले जाई आणि ज्यांना तेही शक्य नसे त्यांना विनामूल्य उपचार मिळत. हे केंद्र सुमारे १२ वर्षे चालले.

दुसरे केंद्र मेमी फिप्स क्लार्क व केनेथ क्लार्क या दांपत्याने स्थापन केले. त्याचे नाव नॉर्थसाइड सेंटर फॉर चाइल्ड डेव्हलपमेंट असे पडले. मेमी क्लार्क यांचा जन्म १९१७ मध्ये आर्कान्सा राज्यातील हॉट स्प्रिंग्ज येथे झाला. कोलंबिया विद्यापीठाची मानसशास्त्रातील पीएच.डी. मिळविणारे केनेथ (१९४०) हे पहिले आणि मेमी (१९४३) या दुसऱ्या कृष्णवर्णीय व्यक्ती होत. एवढी पदवी असूनही मेमी यांना योग्य नोकरी मिळेना. काही काळ त्यांनी निराधार कृष्णवर्णीय मुलींच्या एका संस्थेत चाचण्या व समुपदेशनाचे काम केले. या मुलींसाठी शहरात कोणतीच मानसिक सेवा उपलब्ध नाही, हे त्यांना तेथे उमगले आणि नॉर्थसाइडची कल्पना त्यातून पुढे आली.

नॉर्थसाइडच्या प्रारंभीच्या कामातील एक बाब विशेष बोलकी आहे. सरकारी शाळांनी आपल्या मुलांना मतिमंदांच्या वर्गात टाकल्याची तक्रार घेऊन पालक केंद्रात येऊ लागले. फेरचाचणी घेतली असता अशा अनेक मुलांची बुद्धिमत्ता त्या वर्गासाठी ठरविलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असल्याचे आढळले. मुलाच्या मनातील न्यूनगंडाचा उगम मुलात नव्हे, तर त्याला दिल्या गेलेल्या शिक्क्यात होता. या दोन्ही केंद्रांनी रुग्णाच्या मनाबरोबरच त्याची शाळा, घरभाडे व रोजगार यांचाही विचार केला.

३. बाहुली-चाचणी आणि न्यायालय :

मेमी क्लार्क यांनी हॉवर्ड विद्यापीठातील पदव्युत्तर प्रबंधासाठी कृष्णवर्णीय बालकांच्या 'स्व'च्या जाणिवेचा अभ्यास केला होता. त्याच कामाचा विस्तार म्हणजे बाहुली-चाचणी होय. ३ ते ७ वर्षे वयाच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांना, केवळ रंगाने भिन्न अशा बाहुल्या दाखवून काही प्रश्न विचारण्यात आले. यांपैकी १३४ मुले आर्कान्सामधील वर्णविभक्त शाळांतील, तर ११९ मुले मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डच्या मिश्र शाळांतील होती. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ६७ टक्के मुलांनी खेळण्यासाठी गोरी बाहुली निवडली आणि ५९ टक्के मुलांनी तपकिरी बाहुली 'वाईट दिसते' असे सांगितले. तथापि ६६ टक्के मुलांनी 'तुझ्यासारखी दिसणारी बाहुली' म्हणून तपकिरी बाहुलीच उचलली. म्हणजे जी बाहुली वाईट, तीच आपल्यासारखी, असे म्हणण्याची वेळ अनेक लहान मुलांवर आली होती. या प्रश्नाच्या वेळी उत्तरेतील काही मुलांना रडू कोसळले.

१९५१ मध्ये नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या वकिलांनी, विशेषतः रॉबर्ट कार्टर यांनी, या संशोधनाचा न्यायालयीन पुरावा म्हणून उपयोग करण्याचे ठरविले. दक्षिण कॅरोलायनामधील क्लॅरेंडन परगण्यात केनेथ क्लार्क यांनी ६ ते ९ वयोगटातील १६ मुलांची चाचणी घेतली. त्यांपैकी १० जणांनी गोरी बाहुली पसंत केली आणि ११ जणांनी तपकिरी बाहुली वाईट असल्याचे सांगितले. डेलावेअर राज्यातील खटल्यात वर्थम यांनी लाफार्ग क्लिनिकमध्ये तपासलेल्या मुलांविषयी साक्ष दिली. तेथील न्यायाधीश कॉलिन्स साइट्झ यांनी १९५२ मध्ये कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश देण्याचा आदेश दिला.

व्हर्जिनियातील खटला किशोरांच्या दृष्टीने सर्वाधिक महत्त्वाचा ठरतो. फार्मव्हिल येथील मोटन हायस्कूल १८० विद्यार्थ्यांसाठी बांधलेले होते. प्रत्यक्षात तेथे ४५० हून अधिक विद्यार्थी शिकत आणि जादा वर्ग डांबरी कागद लावलेल्या झोपड्यांत भरत. २३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या १६ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या नेतृत्वाखाली विद्यार्थ्यांनी शाळेवर बहिष्कार घातला. या संपातून उभा राहिलेला खटला पुढे ब्राउन खटल्यात समाविष्ट झाला. या खटल्यात व्हर्जिनिया राज्याच्या बाजूने, म्हणजे वर्णविभक्तीच्या समर्थनार्थ, कोलंबिया विद्यापीठाचे हेन्री गॅरेट यांनी साक्ष दिली. तेच मेमी क्लार्क यांचे पीएच.डी.चे मार्गदर्शक होते. त्यांच्या साक्षीचे खंडन करण्यासाठी मेमी क्लार्क स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या.

१७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सार्वजनिक शाळांतील वर्णविभक्ती घटनाबाह्य ठरविली. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी, केवळ वर्णाच्या कारणावरून मुलांना वेगळे ठेवल्यास त्यांच्या मनात सामाजिक स्थानाविषयी न्यूनत्वाची भावना निर्माण होते आणि तिचे परिणाम कदाचित कधीच पुसले जाणार नाहीत, या आशयाचे मत नोंदविले. या मताच्या पुष्ट्यर्थ दिलेल्या अकराव्या तळटीपेत पहिला उल्लेख केनेथ क्लार्क यांच्या १९५० च्या अहवालाचा होता.

४. विजयाची दुसरी बाजू :

ब्राउन निकालाचे ऐतिहासिक महत्त्व निर्विवाद आहे. मात्र ज्या युक्तिवादाने तो मिळाला, त्याच्या मर्यादा लवकरच पुढे आल्या. पहिली मर्यादा आकडेवारीतच होती. १९४७ च्या अहवालानुसार खेळण्यासाठी गोरी बाहुली निवडणाऱ्यांचे प्रमाण दक्षिणेत ६२ टक्के, तर उत्तरेत ७२ टक्के होते. तपकिरी बाहुली वाईट म्हणणारी मुले दक्षिणेत ४९ टक्के, तर उत्तरेत ७१ टक्के होती. याचा अर्थ केवळ शाळा मिश्र केल्याने मनातील प्रतिमा बदलत नाही. दक्षिणेतील मूल स्वतःच्या लोकांत वाढत होते, तर उत्तरेतील मूल रोज बहुसंख्याकांच्या नजरेस तोंड देत होते. दोष वेगळ्या इमारतीत जेवढा होता, तेवढाच किंबहुना त्याहून अधिक तो सर्वत्र पसरलेल्या श्रेष्ठ-कनिष्ठतेच्या कल्पनेत होता.

दुसरी मर्यादा अंमलबजावणीत दिसून आली. न्यूनत्व कृष्णवर्णीय मुलाच्या मनात आहे आणि गोऱ्या शाळेत गेल्याने ते बरे होईल, असा निकालाचा अर्थ लावला गेला. त्यामुळे कृष्णवर्णीय शाळा म्हणजे केवळ हानीचे स्थान असे समजून त्या बंद करण्यात आल्या. १९५४ ते १९६५ या काळात दक्षिणेकडील व सीमावर्ती १७ राज्यांत ३८,००० हून अधिक कृष्णवर्णीय शिक्षक व प्रशासकांनी नोकऱ्या गमावल्या. व्हेनेसा सिडल वॉकर यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नॉर्थ कॅरोलायनातील कॅसवेल परगण्याच्या शाळेच्या अभ्यासातून असे दिसते, की साधनांची तीव्र टंचाई असतानाही तेथील शिक्षक मुलांकडून मोठी अपेक्षा बाळगत आणि पालकांशी घट्ट नाते ठेवत. अशा शिक्षकांची जागा अनेक ठिकाणी मुलांना ओझे समजणाऱ्या शिक्षकांनी घेतली. बार्बरा जॉन्स यांच्या प्रिन्स एडवर्ड परगण्यात तर प्रशासनाने मिश्र शाळा चालविण्यापेक्षा १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे सर्व सार्वजनिक शाळाच बंद ठेवल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलांना मात्र ऐन शिक्षणाच्या वयात शाळेविना राहावे लागले किंवा घर सोडून अन्यत्र जावे लागले.

स्वतः केनेथ क्लार्क यांनाही या मर्यादांची जाणीव झाली. १९६२ मध्ये हार्लेममधील युवकांसाठी हार्यू ही योजना सुरू करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. १९६५ च्या 'डार्क घेटो' या ग्रंथात त्यांनी गरिबी, निकृष्ट शाळा व राजकीय सत्ताहीनता यांना किशोरांच्या निराशेचे मूळ मानले.

५. कृष्ण अस्मितेची चळवळ :

आंतरिकीकरण कसे घडते याचे एक स्पष्ट चित्र माल्कम एक्स यांच्या १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात आढळते. आठवीच्या वर्गात हुशार असलेल्या या मुलाने वकील होण्याची इच्छा व्यक्त केली असता, शिक्षकाने ते कृष्णवर्णीयाच्या आवाक्याबाहेरचे असल्याचे सांगून सुतारकामाचा सल्ला दिला. त्यानंतर तो गोऱ्या वर्गमित्रांपासून मनाने दूर गेला. बोस्टनला आल्यावर त्याने दाहक रसायनाने केस सरळ करून घेतले आणि त्या वेळी त्यास त्याचा अभिमानही वाटला. पुढे प्रौढपणी याच कृतीकडे त्यांनी आत्मअवमानाची पहिली मोठी पायरी म्हणून पाहिले. शिक्षकाचा शब्द आणि डोक्यावरील जळजळ या दोन घटनांमध्ये एकच सूत्र आहे. बाहेरून आलेला नकार किशोराने स्वतःच्या शरीरावर अमलात आणला.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात या सूत्रास उलट दिशा मिळाली. 'काळे ते सुंदर' ही घोषणा पुढे आली आणि नैसर्गिक केस हे तरुणांच्या अस्मितेचे चिन्ह बनले. १९६८ मध्ये कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांची स्वतंत्र संघटना सॅन फ्रान्सिस्को येथे स्थापन झाली. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमधील ऑपरेशन बूटस्ट्रॅप या स्वयंसाहाय्य संस्थेतून शिंदाना हा खेळण्यांचा कारखाना निघाला आणि 'बेबी नॅन्सी' ही कृष्णवर्णीय बाहुली बाजारात आली. क्लार्क दांपत्याच्या बाहुलीने जो प्रश्न विचारला होता, त्यास समाजाने स्वतःच्या कारखान्यातून दिलेले हे उत्तर होते.

मानसशास्त्राच्या क्षेत्रात विल्यम क्रॉस यांनी १९७१ मध्ये कृष्ण अस्मितेच्या घडणीची अवस्थावार मांडणी केली. प्रचलित गोऱ्या मूल्यांचा स्वीकार, एखाद्या अनुभवाने त्यास बसलेला धक्का, स्वतःच्या परंपरेत संपूर्ण बुडून जाणे आणि अखेरीस स्थिर व मोकळी अस्मिता, अशा टप्प्यांतून व्यक्ती जाते, असे त्यांनी प्रतिपादन केले. या मांडणीत आत्मतिरस्कार ही कायमची जखम नसून मागे टाकता येण्याजोगी अवस्था ठरते.

६. संकल्पनेचा पुनर्विचार :

१९७१ मध्येच मॉरिस रोझेनबर्ग व रॉबर्टा सिमन्स यांचा बाल्टिमोरमधील शालेय मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय मुलांचा आत्मसन्मान गोऱ्या मुलांपेक्षा कमी नसल्याचे त्यांना आढळले. मूल स्वतःचे मोल ठरविताना दूरच्या समाजाचे नव्हे, तर आई, शिक्षक, मित्र व शेजारी यांचे मत जमेस धरते, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. १९९१ मध्ये क्रॉस यांनी एक महत्त्वाचा भेद स्पष्ट केला. स्वतःविषयीची भावना आणि आपल्या समूहाविषयीची भावना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोरी बाहुली निवडणारे मूल समाजातील सत्तेचे वास्तव ओळखत असते. त्यावरून ते स्वतःचा तिरस्कार करते, असे सिद्ध होत नाही. इतिहासकार डॅरिल मायकेल स्कॉट यांनी १९९७ मध्ये याहून पुढे जाऊन असे दाखवून दिले, की कृष्णवर्णीय मनाच्या 'हानी'ची प्रतिमा सहानुभूती मिळविण्यासाठी उदारमतवाद्यांनी आणि तुच्छता दर्शविण्यासाठी वर्णवाद्यांनी, अशा दोन्ही बाजूंनी वापरली.

या टीकेमुळे आंतरिकीकरणाचे वास्तव नाहीसे होत नाही. १९९५ मध्ये क्लॉड स्टील व जोशुआ ॲरन्सन यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत, परीक्षा बुद्धिमत्तेचे मापन करणारी आहे असे सांगितल्यास कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची कामगिरी खालावते आणि तसे न सांगितल्यास ती सुधारते, असे आढळले. आपल्या समूहाविषयीची रूढ प्रतिमा आपण खरी ठरवू की काय, हे दडपण त्यामागे होते. येथे विद्यार्थ्याला त्या प्रतिमेवर विश्वास असण्याचीही आवश्यकता नव्हती. इतरांचा तिच्यावर विश्वास आहे, एवढे ठाऊक असणे पुरेसे होते.

७. एकविसाव्या शतकातील चित्र :

२००५ मध्ये न्यूयॉर्कमधील किरी डेव्हिस या शाळकरी मुलीने 'अ गर्ल लाइक मी' हा लघुपट तयार केला. त्यात तिने आपल्या वयाच्या मुलींना त्वचेचा रंग व केस यांविषयी बोलते केले आणि बाहुली-चाचणीही पुन्हा घेतली. २१ पैकी १५ मुलांनी गोरी बाहुली पसंत केली. हा शास्त्रीय प्रयोग नव्हता, परंतु ज्यांच्याविषयी आजवर इतरांनी लिहिले, त्या वयाच्या मुलीने स्वतः प्रश्न विचारला, हे त्याचे महत्त्व आहे. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने नैसर्गिक केशरचनेवरून शाळा व कामाच्या ठिकाणी भेदभाव करण्यास बंदी घालणारा क्राउन कायदा संमत केला. पुढे अन्य अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले.

मानसिक स्वास्थ्याची स्थिती मात्र चिंताजनक आहे. २००१ ते २०१५ या काळातील माहितीवर आधारित व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, ५ ते १२ या वयोगटात कृष्णवर्णीय मुलांमधील आत्महत्येचे प्रमाण गोऱ्या मुलांच्या सुमारे दुप्पट होते, तर १३ ते १७ या वयोगटात ते सुमारे निम्मे होते. २०१९ मधील दुसऱ्या एका अभ्यासात, १९९१ ते २०१७ या काळात कृष्णवर्णीय किशोरांनी स्वतः नोंदविलेल्या आत्महत्येच्या प्रयत्नांत ७३ टक्के वाढ झाल्याचे दिसले. कृष्णवर्णीयांमध्ये आत्महत्या होत नाहीत, हा जुना समज यामुळे खोटा ठरला. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसमधील कृष्णवर्णीय सदस्यांच्या गटाने याविषयी कार्यदल नेमून अहवाल प्रसिद्ध केला. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०१९ मध्ये वर्णद्वेष हा बालकांच्या व किशोरांच्या आरोग्यावर परिणाम करणारा घटक असल्याचे धोरणपत्रक काढले. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने वर्णद्वेषास हातभार लावल्याबद्दल जाहीर क्षमायाचना केली. ज्या शास्त्राच्या नावाने गॅरेट यांनी साक्ष दिली होती, त्या शास्त्राच्या संस्थेने सुमारे ७० वर्षांनी दिलेली ही कबुली होय. या वाढीचे एकच कारण सांगता येत नाही. गरिबी, हिंसेचे दर्शन, उपचारांची अनुपलब्धता आणि भेदभावाचा अनुभव हे घटक परस्परांत गुंतलेले आहेत.

८. महाराष्ट्राशी असलेले नाते :

या इतिहासाशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. क्लार्क दांपत्याच्या सुमारे पाव शतक आधी, १९१३ ते १९१६ या काळात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. हार्लेम तेथून जवळच आहे. जुलै १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाची प्रत मागविली होती. लाफार्ग व नॉर्थसाइड ही केंद्रे सुरू झाली तेही वर्ष १९४६ हेच होय. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले. जात आणि वर्ण या संस्था एकरूप नाहीत. परंतु लादलेले हीनत्व मनातून उपटून काढल्याशिवाय मुक्ती पूर्ण होत नाही, हा विचार दोन्ही लढ्यांत समान आहे. म्हणूनच या अभ्यासाकडे केवळ परदेशातील प्रश्न म्हणून पाहता येत नाही.

निष्कर्ष :

१) वर्णद्वेषाचे आंतरिकीकरण ही वास्तव प्रक्रिया असली तरी ती सर्व किशोरांत सारखी नसते. १९४०-४१ च्या अभ्यासमालेने हे वैविध्य नोंदविले होते, परंतु न्यायालयीन लढ्याच्या गरजेमुळे ते मागे पडले.

२) बाहुली-चाचणीने वर्णविभक्तीविरुद्धच्या लढ्यास मोठे बळ दिले. मात्र 'दुखावलेले मूल' ही प्रतिमा रूढ झाल्याने कृष्णवर्णीय शाळा व शिक्षक यांच्या सामर्थ्याकडे दुर्लक्ष झाले.

३) कुटुंब, शिक्षक व समाज यांचा आधार हे किशोरांच्या आत्मसन्मानाचे सर्वांत मोठे संरक्षण ठरले आहे. हा आधार तोडणारी सुधारणा हेतूने चांगली असली तरी मानसिक स्वास्थ्यास मारक ठरू शकते.

४) किशोर हे केवळ अभ्यासाचे विषय नव्हते. बार्बरा जॉन्स यांचा संप आणि किरी डेव्हिस यांचा लघुपट ही या दृष्टीने महत्त्वाची उदाहरणे आहेत. अन्यायास नाव देणे व त्याविरुद्ध संघटित होणे यांतूनही आत्मप्रतिमेची पुनर्बांधणी होते.

५) मानसोपचाराच्या सेवा किशोरांपर्यंत पोहोचणे अत्यावश्यक आहे. परंतु शिक्का मारणारी शाळा तशीच ठेवून केवळ मुलावर उपचार करणे म्हणजे आजाराचे कारण कायम ठेवणे होय. नॉर्थसाइडमध्ये आलेल्या पालकांची तक्रार मुलाच्या मनाविषयी नव्हती, ती शाळेविषयी होती. हीच दिशा आजच्या धोरणासही उपयुक्त ठरते.